माप मले घ्याचं हाय

"कोनाची पोट्टी हाय हे?"

केनवडजवळच्या एका वावरात आमच्या सर्व्हेअरच्या वर्गाचं प्रॅक्टिकल होतं. वावराचे मालक बांधावर, धुऱ्यावर उभे राहून सरले इचारत होते. सरनं माहं आडनाव सांगतलं, गाव आसेगाव सांगतलं. मालक हासले.

"बौद्धपुऱ्यातली? हिच्या आज्यानं सोताचा धुरा तरी पायला काय? अन् हे माहं वावर मोजते!"

पोट्टे हासले. सरही हासले. मी रेघ दाखवाची झेंडीची काठी धरून उन्हात उभी. वर्गात एकटीच पोट्टी. रडू आलं नाई.

दर प्रॅक्टिकलले काठी मलेच. माप घ्याचं पोट्ट्यायनं, आकडे लिवाचे पोट्ट्यायनं. वर्गात वाकड्या वावराचं क्षेत्रफळ शिकवलं. मधातून सरळ रेघ टाकाची, रेघेपासून धुऱ्यापर्यंत आडवी मापं घ्याची, वावराचे त्रिकोन अन् समलंब चौकोन पाडाचे. समलंबाचं सूत्र मले उमजलं नाई. इचारलं.

"तुले काठी धरता येते ना? झालं तं मंग," सर म्हनले.

घरी मायले सांगतलं. "चूप राय बाई," माय म्हने, "एकदा सर्टिफिकेट भेटू दे." मंग मी घरीही बोलनं सोडलं.

पुढच्या खेपेले सरनं काठी पुढं केली. मी हात मागं घेतले.

"माप मले घ्याचं हाय."

"मंग काठी कोन धरन?"

"कोनीबी धरा. रोज मीच काहून?"

कोनी पुढं आलं नाई. "घे मंग एकटीच," म्हनून सर पोट्ट्यायले घेऊन पल्याडच्या वावरात गेले.

टेपची कडी खुंटीले अडकवली. दुसरं टोक ओढत नेलं. आकडा लिवला. वापस येऊन खुंटी उपटली, पुढं ठोकली. दुपारभर असंच. बरोबर हाय काय, हे इचाराले कोनी नाई. पल्याडून पोट्ट्यायचा आवाज येत होता.

हिशेब चुकला. सरनं माहा आकडा सगळ्यायसमोर वाचला. वावर सातबाऱ्याच्या दुप्पट झालं होतं.

"हिनं शेजाऱ्याचंबी आपल्यात घेतलं वाटते!" एक पोट्टा वरडला. कुठी चुकलं, ते सरनं सांगतलं नाई.

एसटीत बाजूची सीट खाली होती. मी तिकिटाच्या मागं एक समलंब काढला. त्याले लागून तसाच दुसरा, उलटा. दोन मिळून सरळ पट्टा झाला. म्हनजे एकाचं क्षेत्रफळ त्या पट्ट्याच्या अर्धं. ते अर्धं कराचंच मी इसरली होती, त्रिकोनातही अन् समलंबातही. उमजलं तवा अंगावर काटा आला. सांगावं कोनाले? खिडकीतून मालेगावचा स्टँड मागं गेला.

सकाळी नवा हिशेब सरच्या टेबलावर ठेवला.

"आता कायले? झालं ते."

"तपासा, सर."

सरनं मान वर केली नाई. पोट्टे खुसूखुसू हासत होते. मी टेबलापुढून हालली नाई.

"मी बी या वर्गात शिकाले आली, सर. बरोबर असन तं बरोबर म्हना. चुकलं असन तं काहून चुकलं, ते शिकवा. तोवर मी इथंच उभी हाव. आज नाई शिकवलं, तं उद्या येऊन उभी राहीन."