बास्तियानाचं कॅरिअर

बास्तियानाचं डोकं सकाळपासून भणभणत होतं, आणि भणभणणारच. तेउलादाच्या डोंगरात टपाल वाटण्यात तिचा जन्म गेला. पेन्शनीचे कागद, औषधं, परमुलखी गेलेल्या पोरांची खोकी, सगळं मोपेडवर लादून तिने मेंढपाळांच्या दारात नेऊन टाकलं. निवृत्त झाल्यावर तिने एकच हौस केली. लाल मोटरसायकल घेतली. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या या दक्षिण टोकाहून थेट उत्तरेला सांता तेरेसापर्यंत जायचं, एकटीने आणि रिकाम्या गाडीवर.

दार उघडं टाकून तिने टेबलावर नकाशा पसरला, तिथेच चुकलं. धाकटा भाऊ एफिसियो आत येऊन नकाशावर वाकला.

"ताई, ओरिस्तानोवरून जातेस ना? मग मावशीकडे चीजचा एक गोळा टाक."

"टपाल सोडलं मी."

"हे कुठं टपाल? घरचंच आहे. आणि दारावरून तशीच गेलीस तर मावशी मरेपर्यंत तोंड बघायची नाही तुझं."

यात खोटं काही नव्हतं. इथे नात्यातल्या माणसाचं गाव न थांबता ओलांडणं म्हणजे त्याच्या घराण्याचा अपमान. थांबलं की जेवण, जेवलं की मुक्काम, आणि निघताना पुढच्या गावच्या आत्यासाठी आणखी एक पिशवी.

दुपारी भावजय पातळ कडक भाकऱ्यांची चळत घेऊन आली, मागोमाग शेजारीण मिर्तोच्या, घरच्या गोड दारूच्या, बाटल्या घेऊन. प्रत्येकीच्या तोंडी तेच, "तू जातेच आहेस तर..." बास्तियानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ओझी वाहिली, तेव्हा दमलीस का म्हणून कुणी विचारलं नाही. आता स्वतःसाठी निघाली, तर पुन्हा लादायला सगळे हजर.

"तिकडे एवढं आहे तरी काय तुझं?" भावजयीने विचारलं.

"काही नाही. म्हणूनच जातेय."

निघायच्या सकाळी एफिसियो गोळा काखेत मारून अंगणात आला. बास्तियाना हेल्मेटचा पट्टा लावत होती. गाडीमागचं कॅरिअर काढून पायरीवर टाकलेलं होतं, शेजारी पाना.

"अगं, मग हे ठेवू कुठं?"

"पोस्टाने पाठव."

"आणि मावशी?"

"तिला म्हणावं, भेटायला येतेय. रिकाम्या हाताने."

तिने गाडी सुरू केली, मग पुन्हा मान वळवली.

"आणि ती नवी टपालवाली आली ना, की ओझं उतरवायला जरा हात लाव. मला कधी लावला नाहीस."