टोपली खळ्यावर, मी आत

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. म्हणून मी सासरीच राहिले, शहापूर तालुक्यातल्या एका गावात, घराच्या मागच्या खोलीत. लग्नाआधी मी आसनगावहून रोज कल्याणला नोकरीला जायचे. आता सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नव्हता. वारा लागू नये म्हणून खिडकीत गोणपाट कोंबलेलं, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. दुपार झाली की संध्याकाळ, तेही कळत नसे.

बाळाला मात्र मोकळीक होती. सासूबाईंनी त्याच्यासाठी बांबूची टोपली विणून घेतली होती, आत जुन्या लुगड्याची घडी. पाजून झालं की त्या टोपली उचलत आणि त्यांचं काम जिथं, तिथं तो. ओटीवर, परसात, शेजारणीकडे. "तू नीज गो," म्हणत. मी पडल्या पडल्या त्याच्या आवाजावरून तो कुठं असेल याचा अंदाज घ्यायचे. तो रडला की पान्हा फुटायचा, पोलकं भिजायचं, आणि टोपली परत येईपर्यंत वाट बघण्याखेरीज हातात काही नसे.

भाताची झोडणी सुरू झाली तशी टोपली घरामागच्या खळ्यावर जाऊ लागली. एका दुपारी तो रडायला लागला तो थांबेचना. मी हाका मारल्या, पण झोडणीच्या आवाजात ऐकणार कोण? शेवटी उठले. उन्हात डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला धरत खळ्यावर पोचले, टोपलीजवळ बसले, पदर ओढला आणि त्याला छातीशी घेतलं. झोडणाऱ्यांचे हात थांबले.

सासूबाई धावत आल्या. "बाळंतीण अशी बाहेर येते काय? वारं भरलं तर लोकं मला बोलतील!"

"तो रडत होता."

"मी आणतच होते. तुला धीर कसा तो नाय!"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी खोलीला बाहेरून कडी लागली.

नवरा भातसानगरला धरणावर कामाला होता. तो सुट्टीला आला तेव्हा त्याला कडीचं सांगितलं. "थोडेच दिवस राहिलेत," तो म्हणाला. "आईच्या कलानं घे."

तो गेल्यावर सासूबाई नेहमीसारख्या टोपली न्यायला आल्या. मी बाळ कुशीत घट्ट धरलं होतं.

"दे."

"नाही. तो आता माझ्याजवळच झोपेल."

"या धुरात?"

"मीही धुरातच आहे ना, आई."

त्यांनी वाकून शेगडी उचलली आणि त्या बाहेर गेल्या. मागोमाग कडी वाजली.

सव्वा महिन्यानं मी बाहेर आले, तेव्हा झोडणी संपून भात घरात भरलेलं होतं. तोवर उरलेले सगळे दिवस बाळ माझ्या कुशीतच झोपलं.