आधी दंड दाखवा

आमचे साडू माणसाचा चेहरा नंतर पाहतात, आधी त्याचा दंड पाहतात. डाव्या दंडावर लहानपणीच्या लशीचा व्रण दिसला की त्यांच्या लेखी तो माणूस सज्जन. पुढे त्याने दरोडे घातले तरी हरकत नाही. व्रण दिसला नाही, तर समोर साक्षात कलेक्टर असोत, साडूंच्या कपाळाला आठी पडायचीच. उभी हयात त्यांनी सेनगाव तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून पायपीट केली. आता निवृत्त होऊन पुसेगावी घर बांधलंय, पण नोकरी काही अंगातून उतरलेली नाही. माझ्या मेहुणीला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला होता, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कवा घेतलं?" मुलगी गोंधळून आईकडे पाहू लागली. सासूबाई मात्र खूश. "बाकीचे सयपाक येतो का इचारतात," त्या म्हणाल्या, "ह्यानं पोरीच्या जिवाची चौकशी केली." लग्न तिथल्या तिथं ठरलं, पण इंजेक्शन टोचून झाल्याशिवाय साडूंनी तारीख काही धरू दिली नाही.

लग्नकार्यात ते आहेर म्हणून साबणाची वडी देतात, आणि पंगत बसायच्या आधी नळाजवळ जाऊन उभे राहतात. हात धुणाऱ्याने एकोणतीसचा पाढा पूर्ण म्हणायचा, मगच तोटी बंद करायची, असा त्यांचा दंडक आहे. "आन् ज्याला येत न्हाई त्यानं काय करावं?" असं एकदा मुलाकडच्या एका पाहुण्याने चिडून विचारलं. साडू शांतपणे म्हणाले, "आठवत बसावं. तेवढेच हात जास्त धुतले जातात." कुणाच्या घरी गेले की पाणी पिऊन झाल्याबरोबर ते फडताळ उघडतात आणि अर्ध्या राहिलेल्या गोळ्यांची पाकिटं शोधतात. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून पाच दिवसांचं औषध सोडून देणारा माणूस त्यांना शत्रूहून वाईट वाटतो. माझ्याही फडताळात एकदा असं पाकीट सापडलं. मी शाळामास्तर, तेव्हा त्यांनी माझ्याच भाषेत माझी हजेरी घेतली. "गुरुजी, तुमी जंतूंची शिकवणी घेऊन राहिले! अर्धं औषध खाऊन जे जगले, ते तुमच्याकडून शिकून गेले. आता पुढच्या बारीला ह्या औषधाला ते भीक घालतील का?" त्या दिवसापासून मी औषध पूर्ण संपवतो, जंतूंपेक्षा साडूंच्या धाकाने.

हळदीच्या हंगामात तर त्यांचं सगळ्या जिल्ह्याशी भांडण असतं. आमच्याकडे काढणीत कुणाला विळा लागला की माणूस तिथल्या तिथं जखमेत चिमूटभर हळद दाबतो आणि पुन्हा वाफ्यात बसतो. हिंगोलीच्या बाजारात जिच्यासाठी लांबलांबचे व्यापारी येतात, त्या हळदीला कुणी नाव ठेवायचं? साडू ठेवतात. "हळद लई चांगली," ते म्हणतात, "भाजीत." मग जखम साबणपाण्याने धुवायला लावून त्या माणसाला स्वतःच्या मोटारसायकलवर मागे बसवून उपकेंद्रात नेतात. मातीतला धनुर्वाताचा जंतू हळदीला विचारून आत जात नाही, हे सांगण्यात त्यांनी आयुष्याची वर्षं घालवली आहेत.

एसटीत शेजारी कुणी बसलं की ते त्याला पंधरा दिवसांचा हिशेब समजावतात. तो मी इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. "हे बगा, शरीर लई हुशार हाय. जंतू आला की त्याच्या मापाचं हत्यार सोता घडवतं. पण पयल्यांदा घडवायला त्याला धा-पंधरा दिवस लागतात, आन् घटसर्प तेवढे दिवस देत न्हाई. लस म्हंजी काय? ते पंधरा दिवस आधीच घालवून ठेवायचे. मग खरा जंतू आला की शरीर म्हणतं, ये, तुझीच वाट बघून राहिलो." समोरचा माणूस एव्हाना आपल्या गावाच्या दोन थांबे आधीच उतरलेला असतो.

अशा माणसाच्या नात्यात राहून आम्ही काय केलं, ते सांगायला मला आजही लाज वाटते. आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, हिंगोलीला झालं. मुलगी झाली, ईश्वरी. दीड महिन्याला तिला घटसर्प-धनुर्वाताच्या लशीचा पहिला डोस दिला, लसीकरणाचं कार्ड मिळालं. त्या दिवशी पोरीला ताप आला आणि सगळं घर हवालदिल झालं. पुढे लेक सासरी साखऱ्याला गेली. कार्ड हरवू नये म्हणून मी ते लोखंडी कपाटात, बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात, कुलूप लावून ठेवलं. हिंगोलीच्या नर्सबाई विचारायला आल्या की आम्ही सांगायचो, "लेकरू सासरी गेलं, तिकडं देतील." साखऱ्याला आशाताई विचारायच्या, तर विहीणबाई सांगायच्या, "कार्ड माहेरी हाय, तिकडंच देऊन राहिलेत." दोन्ही घरं निर्धास्त. लेक मधल्या मध्ये. तिला ताप आठवायचा आणि ती गप्प बसायची.

हे फुटलं जावळाच्या दिवशी. ईश्वरीला अकरावा महिना होता. साखऱ्याच्या अंगणात पाट मांडलेला, माझा मुलगा मामा म्हणून भाचीला मांडीवर घेऊन बसलेला, न्हाव्याने वस्तऱ्यात नवं पातं घातलेलं. ते पातं नवंच आहे ना हे साडूंनी आधी स्वतः पाहिलं, आणि मग सहज म्हणाले, "कार्ड आना बरं."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "अगदी सुरक्षित आहे. दागिन्यांच्या डब्यात."

"मंग दुसरा डोस कुनी टोचला?" साडूंनी विचारलं. "आन् तिसरा?"

न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला. साडूंचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कार्डाला कुलूप लावलं व्हय गुरुजी," ते इतकंच म्हणाले, "आन् लेकरू उघडं ठेवलं."

खरी लढाई पुढे होती. विहीणबाई करारी बाई. घरच्या चार म्हशी आणि दोन सुना त्यांच्या एका नजरेत चालतात. त्या म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं. पयल्या टोच्यानं पोरीला केवढी तकलीफ झाली. आमी न्हाई आता टोचू देनार."

साडू गोठ्याकडे पाहत म्हणाले, "विहीणबाई, म्हशीला फऱ्या रोगाची लस देता का?"

"दर साली. पावसाच्या आधी. मी सोता शिंगं धरते."

"मंग ती म्हैस दोन दिस चारा सोडते, दूध कमी करते, मानेला गाठ येते. तवा?"

"गाठ आली म्हंजी लस लागू पडली," विहीणबाई ठसक्यात म्हणाल्या. "एवढं कळतंय मला."

"बराबर," साडू म्हणाले. "मंग नातीचा ताप बी तेच सांगून राहिला व्हता. आत तयारी चालू हाय म्हनून. म्हशीवर तुमचा एवढा भरोसा, नातीवर काहून न्हाई?"

विहीणबाईंनी पदर खोचला. क्षणभर मला वाटलं, आता साडूंना अंगणाबाहेर जावं लागतंय. पण त्या सुनेला म्हणाल्या, "टोचायचा वार कोन्ता हाय गं? मी सोता घेऊन जाते." सुरुवात पहिल्यापासून करावी लागेल का, असं मी भीत भीत विचारलं. साडू म्हणाले, "न्हाई. पयला डोस वाया जात न्हाई. शरीर इसरत न्हाई, इसरतो ते आपुन." मग जावळ झालं. महिन्याच्या अंतराने राहिलेले दोन्ही डोसही झाले, आणि विहीणबाईंनी दोन्ही वेळा नातीचा पाय असा घट्ट धरला की नर्सबाईंना म्हणावं लागलं, "आजी, जरा ढिला सोडा."

पोळ्यानंतर साखऱ्यात घटसर्प आला. ऊसतोडीला फिरणाऱ्या शेजारच्या कुटुंबातली सातएक वर्षांची मुलगी तापली, तिला गिळता येईना. निरोप मिळताच साडू तिथं पोचले, टॉर्च घेऊन तिच्या घशात पाहिलं, आत करडा पडदा दिसला, आणि तसंच तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. हीच मुलगी आठवडाभर ईश्वरीला कडेवर घेऊन गावभर फिरत होती, आणि एकाच वाटीतून दोघी दूधभाकर खात होत्या. आरोग्याची माणसं आली, सगळ्यांच्या घशाचे नमुने घेतले, औषधं दिली. आमची लेक आठ दिवस पोरीच्या कपाळावरचा हात काढीना, आणि मी हिंगोलीत कपाटासमोर बसून स्वतःला शिव्या घालत होतो.

ईश्वरीला काहीही झालं नाही. साधी शिंकसुद्धा नाही. तिचे तीन डोस झाले होते म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. जंतूच्या विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन वेळेवर मिळाल्याने शेजारची मुलगीही बरी होऊन घरी आली. आणि विहीणबाई तर पेटल्याच. पुढच्या लसीकरणाला त्यांनी आपल्या गल्लीतली सगळी लेकरं पुढे घालून नेली, लेकरं घेऊन घरात लपून बसलेल्या शेजारच्या दोन सुनांना हाताला धरून बाहेर काढलं. ते ऐकून साडू इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दिवाळीत ईश्वरी आमच्याकडे आली, तेव्हा साडू मुद्दाम पुसेगावाहून तिला पाहायला आले. तिला मांडीवर घेऊन ओसरीत बसले. मी म्हणालो, "तुमच्यामुळं वाचली हो पोरगी."

"गुरुजी," ते म्हणाले, "नोकरीत जी लेकरं गेली, त्यायची नावं मला अजून पाठ हायेत. जी वाचली त्यायची न्हाईत. कशी असतील? काही झालंच न्हाई, तर कोन वाचलं हे कळावं कसं?" त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ही पयली, जिचं नाव मला ठाऊक हाय."

मग लसीकरणाच्या दिवशी वहीतून पुकारतात तशी त्यांनी तिला हाक मारली, तिच्या बापाच्या आणि घराण्याच्या नावासकट, खणखणीत आवाजात. ईश्वरीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हातातली करंजी खायला लागली.