कॉर्डमधला गंधार

नाशिक रोडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. तिथे मी सात वर्षं काढली. काढली हाच शब्द बरोबर आहे. त्याआधी मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. लग्नात, गणपतीत, जिथे स्टेज असेल तिथे. नव्वदीच्या अखेरीस स्टुडिओच्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला आणि मला म्हणाले, "आता तबला, बासरी, व्हायोलिन सगळं तूच." मला वाटलं बढती मिळाली. प्रत्यक्षात पाच माणसांचं काम एका पाठीवर आलं, आणि तिशीतच ती पाठ साठीची झाली.

कॉम्प्युटरवर हे सगळं ज्यातून व्हायचं ती मिडी म्हणजे काय, हे मला घरात आजवर कुणाला धड समजावता आलेलं नाही. त्यात आवाज नसतोच. कीबोर्डची कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढीच नोंद असते. पडद्यावर त्या नोंदीच्या आडव्या रेघा दिसतात. रेघ वर सरकवली की सूर चढतो, पुसली की सूर गेला. तीन रेघा एकावर एक रचल्या की झाली कॉर्ड: खाली सा, मध्ये ग म्हणजे गंधार, वर प. ती उचलायची, पुढच्या ओळीला चिकटवायची, मग त्याच्या पुढच्या. देवीचं गाणं असो, हळदीचं असो की निवडणुकीच्या रिक्षावरचं, माझ्या कॉर्ड त्याच. पहिल्या वर्षी मला त्याची मजा वाटायची. पुढे पुढे जेवायला बसलो तरी डोळ्यांपुढे रेघाच यायच्या.

एका वर्षी चैत्रातल्या वणीच्या यात्रेआधी देवीच्या आठ गाण्यांची कॅसेट काढायचं ठरलं. मालकांनी कुठल्याशा जागरणात एका बाईंना ऐकलं होतं. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा मळा होता, मेथी, कोथिंबीर आणि थोडी शेवंती. वय चाळिशीच्या आसपास. गाणी आईकडून आलेली, शिकवणी कुठलीच नाही. मालकांनी मला चाली गुणगुणून दाखवल्या आणि त्यावरून मी आठही गाण्यांचं संगीत आधीच रचून ठेवलं. म्हणजे बाई येण्याआधीच कॉर्ड ठाण मांडून बसलेल्या होत्या.

पहिल्या दिवशी त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आल्या. मी सवयीने विचारलं, "ताई, तुमची पट्टी कोणती?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, आजची पट्टी तुमच्याकडंच हाय ना?"

नवऱ्याने खिशातून मार्केट यार्डातल्या आडत्याची पट्टी काढून माझ्यापुढे धरली. तीत सकाळी विकलेल्या मेथीच्या जुड्या लिहिलेल्या. मालक हसून हसून बेजार झाले, मग आम्ही सगळेच हसलो. मी समजावलं की पट्टी म्हणजे तुम्ही कुठल्या सुरात गाता ते. काळी दोन, पांढरी चार, असं काहीतरी.

"ते मला नाय माहीत, दादा," त्या म्हणाल्या. "मी आपली सुरू करते, तुम्ही या मागून."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. जागरणात पेटीवाला आणि संबळवाला गाणाऱ्याच्या मागूनच येतो. पण आमचा कॉम्प्युटर कुणाच्या मागून येत नाही. तो आधीच जाऊन बसलेला असतो आणि माणसाने त्याच्या मागून यायचं असतं.

हेडफोन घालता घालता त्या म्हणाल्या, "ही आईची गाणी हायेत. आई गेली, तिचा आवाज कुठंच राहिला नाय. माझा तरी राहू दे, लेकीला ऐकता येईल." मी मान डोलावली. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण असं काहीतरी म्हणायचाच.

गाणं सुरू झालं आणि माझं तोंड वाकडं झालं. त्यांच्या चालीतली प्रत्येक ओळ गंधारावर येऊन टेकायची आणि नेमका तोच गंधार माझ्या कॉर्डवर किंचित खाली पडायचा. मी माइकवरून सांगायचो, "ताई, सूर उतरतोय, जरा वर घ्या." त्या वर घ्यायच्या, सूर जुळायचा, पण गाणं मरायचं. मग मी कॉर्डमधला ग कोमल करून, म्हणजे एक पट्टी खाली आणून पाहिला, तर आता त्या चढ्या वाटायला लागल्या. दुसरा दिवस यातच गेला. तिसऱ्या दिवशी तर त्या गंधारापाशी येण्याआधीच थबकायला लागल्या. मालक काचेआडून पुटपुटले, "जागरणात बरी गात होती की. इथं म्हणे हेडफोन टोचतो. नाचता येईना अंगण वाकडं."

संध्याकाळी निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "दादा, तुम्ही जाणकार. खरं सांगा, मला सूर नाय का?"

मी दमलो होतो, घरी जायचं होतं. "थोडा कमीच आहे, ताई," मी म्हणालो.

त्यांनी पदर सावरला आणि त्या गेल्या. मालक मला म्हणाले, "तुझ्या ऑर्केस्ट्रातल्या गाणाऱ्या बाईंना बोलवायचं का, ते उद्या दुपारपर्यंत सांग. यात्रा तोंडावर आलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचे तीन दिवसांचे सगळे टेक लावून बसलो. कॉर्ड बंद केल्या आणि खाली नुसते सा आणि प ठेवले. त्या गायला लागल्या आणि मी खुर्चीत सरळ झालो. मी टोकलं नव्हतं त्या प्रत्येक टेकमध्ये गंधार अगदी त्याच जागी होता. बेसूर माणूस दर वेळी वेगळ्या जागी चुकतो. या बाई आपणहून एकदाही हलल्या नव्हत्या. त्यांचा गंधार कीबोर्डवरच्या दोन गंधारांच्या मधल्या फटीत होता, त्यांच्या आईने ठेवला असेल तिथे. अंगण खरोखरच वाकडं होतं आणि ते मी सारवलं होतं.

उपाय सोपा होता. कॉर्डमधली मधली रेघ पुसायची, फक्त सा आणि प ठेवायचे. त्या मोकळ्या जागेत त्यांचा सूर आपोआप बसला असता. पण आठ गाणी, प्रत्येकात पियानो, गिटार आणि व्हायोलिन, आणि तिन्हींत मीच पेरलेला तो ग. एकेक ओळ तपासत दोन दिवस तरी गेले असते. वर मालकांना सांगावं लागलं असतं की चूक माझी आहे. तेही मी एकवेळ सांगितलं असतं. खरं म्हणजे मला पुन्हा त्या रेघांना हात लावायचा कंटाळा आला होता. एवढंच. याहून मोठं कारण आजही सापडत नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

बारा वाजता मालकांनी दारातून विचारलं, "मग?"

मी म्हणालो, "बोलवा दुसऱ्या बाईंना."

ऑर्केस्ट्रातल्या बाई आल्या, दोन दिवसांत आठही गाणी गाऊन गेल्या, गंधार जिथल्या तिथे. कॅसेट यात्रेत बरी चालली. ताईंचे टेक जागा अडवतात म्हणून पुसले. पुसले मीच.

पुढे दोनेक वर्षांनी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मी भाजी घेत होतो. मेथीच्या ढिगामागून आवाज आला, "दादा, वळखलं का?" मला पळून जावंसं वाटलं. त्यांनी माझ्या पिशवीत दोन जुड्या कोंबल्या.

"तुमचे लय उपकार हायेत," त्या म्हणाल्या. "तोंडावर कोण सांगतं? जो तो म्हणायचा, लय गोड गाती. तुम्ही सांगितलं म्हणून मला कळलं. नायतर जन्मभर चारचौघांत हसं करून घेतलं असतं. आता जागरणाला जाते, पण मागं बसून टाळ्या देते."

"आणि लेक?"

"तिला नाय शिकवलं. मलाच धड येत नाय, तिला काय शिकवू?"

तिथेच, बाजाराच्या गर्दीत, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. तुमचा सूर बरोबर होता, माझी कॉर्ड चुकली होती, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मी गप्प बसलो, असं अगदी याच शब्दांत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून हसल्या. माझा त्यांना खरंच राग आला नव्हता.

"राहू द्या, दादा. माणूस चांगले हायेत तुम्ही," त्या म्हणाल्या. "तेव्हा खरं बोललात, मग आता मन राखायला खोटं कशाला बोलता?"