उजव्या हातात तीर्थ, डाव्या हातात मूठ

उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन कलंडलं की आमच्या गल्लीत लढाई सुरू व्हायची. वरच्या अंगाला तालीम, खालच्या अंगाला नळ. तालमीकडची पोरं एक फौज, नळाकडची दुसरी. आम्ही नळाकडचे. तलवारी खोक्याच्या फळ्यांच्या. तलवार लागली की मेला, आणि मेला की जागच्या जागी आडवं पडायचं, हा कायदा. प्रत्येक फौजेत एक साधू असे. तो तांब्यातलं तीर्थ शिंपडून मेलेल्याला उठवी. एक मांत्रिक असे. तो उडदाची मूठ मारी. दाणे लागले तो पुतळा. देवाचा तो देवाचा, भुताचा तो भुताचा. सरमिसळ चालत नसे.

मुलींनी मात्र राणी व्हायचं. राणी म्हणजे कट्ट्यावर बसून खजिना राखणारी. खजिना म्हणजे चिंचोके. मी बरेच दिवस राखले. लुटायला कुणी फिरकलं नाही.

शेवटी आमच्या राजाला, म्हणजे समोरच्या वकिलांच्या थोरल्याला, मी म्हणाले, "आजपासनं मी राणी होत न्हाई. मी लढतो."

आमच्याकडं मुलीही 'लढतो', 'जातो' असंच बोलतात. त्यामुळे मी 'लढतो' म्हणण्याला त्याची हरकत नव्हती. लढण्याला होती.

"जागा कुठं हाय? साधू हाय, मांत्रिक हाय."

"साधू गेला मामाच्या गावाला. मांत्रिकाला गोवर आलाय. मी दोन्ही होतो."

"दोन्ही? देव आन् भूत एकाच अंगात? आत मारामाऱ्या करतील की!"

"कशाला करतील? हात वेगळे हाईत. उजव्यात तीर्थ, डाव्यात मूठ."

ही काही माझ्या डोक्यातून आलेली थोर कल्पना नव्हती. मी डावखुरी. भाजी चिरणं, केर काढणं, भावाला धपाटा घालणं, सगळं डाव्या हातानं. त्याला आईची ना नव्हती. पण प्रसादाला डावा हात पुढं आला की त्यावर तिची चापट बसायची. देवाचा एक आणि कामाचा एक अशी वाटणी आमच्या घरात आधीच झाली होती.

राजानं अट घातली. "आजचा दिवस बघू. हात चुकला तर शाळा सुरू होईस्तोवर कट्टा."

मी घरून तांब्या आणला आणि आईच्या डब्यातले उडीद फ्रॉकच्या खिशात भरले. कपाळाला उजवीकडं उदबत्तीची राख, डाव्या गालाला तव्याची काजळी.

"अर्धी आंघोळ करून आल्यागत दिसतीस," माझी शेजारची मैत्रीण म्हणाली. ती आमची पंच. जैनांच्या घरातली, जीव मारणं त्यांच्यात खेळातसुद्धा चालत नसे, म्हणून ती कुणाच्याच फौजेत नव्हती आणि तिच्या निवाड्यावर सगळ्यांचा विश्वास होता. शिवाय दिवस मावळायच्या आत तिला जेवायला घरी जावं लागे, त्यामुळे निवाडा झटपट होई.

सुरुवात झकास झाली. तालमीकडच्या दोघांचे मी पुतळे केले. मग गटाराशेजारी आमचा राजाच मेला. मी तांब्या घेऊन धावले आणि घाईत जो हात नेहमी पुढं येतो तोच तांब्यात बुडवून शिंपडला.

"डावा! डावा!" तालमीकडचे नाचायलाच लागले. "मुठीचा हात! राजा डबल मेला!"

मला कट्टा आणि चिंचोके समोर दिसायला लागले. राजा एक डोळा उघडून पडला होता. हात चुकला म्हणावं तर तो मेलेलाच राहतो, नाही म्हणावं तर अट त्याचीच मोडते.

पंच आली. "तिच्या हातात काय हुतं?"

"पाणी."

"उडीद?"

"न्हाईत."

"मग डबल कशानं मरंल? पाण्यानं मरायला लागला तर आंघोळीला कोण उरायचं न्हाई."

"पण डाव्या हातानं देव येतोय व्हय?" तालमीकडच्या राजानं विचारलं.

तिनं तालमीच्या कौलांवर टेकलेल्या उन्हाकडं पाहिलं. "आला का न्हाई ते मेलेल्यालाच ठावं. ए राजा, जिवंत हाईस का न्हाईस? लवकर बोल, मला जेवायला जायचंय."

राजानं उघडा डोळाही मिटून घेतला. तेवढ्यात गटाराकडच्या मुंग्या त्याच्या चड्डीपर्यंत पोचल्या असाव्यात.

"हाय! जिवंत हाय!" तो ताडकन उठला.

"मग हिचा डावाबी चालतोय. कट्टा रद्द," पंच म्हणाली आणि घरी पळाली.

या भानगडीत तालमीकडची अख्खी फौज आमच्या राजाभोवती येऊन उभी राहिली होती. तो उठला तसा पुन्हा मेला.

"शिंपड की!" आडवा होता होता तो माझ्यावर ओरडला. कुठल्या हातानं, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.