शिंगाची कपची
वडिलांचं तेरावं झाल्यावर पिशोरच्या घरातली माझी गिटार तीस वर्षांनी माळ्यावरून काढली. खोळ उघडताच जुन्या लाकडाचा कुबट वास आला आणि पडेगावची माझी कॉलेजातली खोली आठवली. तारा छेडायची माझी पिक तेव्हा हरवली होती. पोळा करून गावाहून खोलीवर आलेल्या वडिलांनी बंडीच्या खिशातून नखाएवढी काळी कपची काढली. बैलाची शिंगं साळताना निघालेला तुकडा त्यांनी दगडावर घासून आणला होता. “आपल्या ढवळ्याचं शिंग हाय, लई चिवट,” असं सांगून ते पाणी प्यायला गेले. तसा माझा खोलीतला मित्र हसला, “अबे, गिटार बजाएगा की औत हाकेगा?” मीही हसलो. “त्यांना बैलांपलीकडं काय कळतंय,” म्हणत मी कपची खिडकीबाहेर फेकली. वळलो, तर वडील दारात उभे होते. “घासायची राहिली आसंल जरा,” एवढंच ते म्हणाले. पुढं नोकरी लागली, गिटार गावी नेऊन ठेवली ती त्यांच्याकडंच राहिली. आज खोळीच्या कप्प्यात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली तीच कपची सापडली. तिच्या कडा आता काचेसारख्या गुळगुळीत होत्या. भीत भीत मी त्या कपचीनं तार छेडली. आवाज स्वच्छ आला. माझ्या हातून तो त्यांना कधीच ऐकायला मिळाला नाही.