अक्षय्य तृतीयेच्या आधीचा आंबा

त्या जपानी फळांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती लेकीच्या हट्टापायी, आणि मेन्यू उघडताच माझे डोळे पांढरे झाले. उंच काचेच्या ग्लासात स्ट्रॉबेरी, क्रीम, जेली, आइस्क्रीम आणि वर पुन्हा स्ट्रॉबेरी. किंमत एकशे पंचेचाळीस दिरहम. मी तिथल्या तिथे मोठ्यानं हिशेब केला, "म्हणजे साडेतीन हजार रुपये! अगं, एवढ्यात महाबळेश्वरला जाऊन अख्खा वाफा खाऊन येऊ आपण!"

"आई, प्लीज. नॉट सो लाऊड," लेक म्हणाली. तिचा जन्म इथला, शाळा दुबईतल्या ऊद मेथाची, आता कॉलेजही इथलंच. मी मराठीत ओरडायचं आणि तिनं इंग्रजीत गप्प करायचं, हे आमचं ठरलेलं आहे.

"मराठीत बोलतेय मी. कुणाला कळतंय?"

शेजारच्या टेबलावरच्या बाई खुदकन हसल्या. दुबईत मराठी न कळणारं टेबल शोधावं लागतं, हे मी दर वेळी विसरते.

ते दुकान जुमेराच्या एका गल्लीत आहे. आठच टेबलं. काचेच्या पलीकडे एक म्हातारे जपानी गृहस्थ पांढरा कोट घालून उभे असतात आणि पातळ सुरीनं फळं कापतात. आम्ही दोघी आपसात त्यांना आजोबा म्हणतो. आजोबांकडे एका वेळी एकच फळ. हिवाळ्यात स्ट्रॉबेरी, मग खरबूज, मग पुढचं काय असेल ते. मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या खाण्याचं. प्रत्येक फळाची एक बारीक चकती आधी ते स्वतः तोंडात टाकत, डोळे मिटून चघळत, आणि मगच ते फळ ग्लासात जाई. ग्लासाबरोबर टेबलावर एक छोटं कार्ड येई. त्यावर बागेचं गाव आणि बागवाल्याचं नाव, हातानं लिहिलेलं.

दुसऱ्यांदा गेलो तर दारावर पाटी: आज खरबूज चांगलं निघालं नाही, माफ करा. शनिवारची भरली संध्याकाळ, दाराशी माणसं उभी, आणि हे गृहस्थ दुकान बंद करून बसलेले! मी गाडीत बसता बसता म्हटलं, "नाकानं कांदे सोलतोय नुसता. असं करून धंदा होतो का?" कारण धंदा मलाही कळतो. शारजात रोल्लाच्या मागच्या गल्लीत माझं छोटं दुकान आहे. पोहे, मेतकूट, आगळ, कुळथाचं पीठ, आणि मार्च उजाडला की हापूस. नवरा रास अल खैमाला टाइल्सच्या कंपनीत. तो पहाटे जातो आणि दमून येतो. दुकान माझं एकटीचं.

आंबे मात्र माझ्या बापाचे. देवगडला आमची बाग आहे. बाबा गेल्यावर धाकटा भाऊ ती बघतो. गेली अकरा वर्षं तो विमानानं पेट्या पाठवतो आणि मी विकते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्तरएक घरं आहेत. शारजा, दुबई, अजमान. "ताईंचा आंबा म्हणजे डोळे मिटून घ्यायचा," असं लोक एकमेकांना सांगतात. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू? कधी कुणी कुरकुरलं, "ताई, खालच्या थरातले जरा फिके निघाले," की मी फाडकन विचारायची, "फ्रीजमध्ये ठेवलेत ना? आंबा काय कोथिंबीर आहे?" माणूस बिचारा ओशाळून फोन ठेवायचा.

तर एप्रिलच्या सुरुवातीला आजोबांच्या काउंटरवर पुढच्या महिन्याचं फळ लिहिलेलं दिसलं. आंबा. माझ्या अंगात संचारलंच. जपानचा लालबुंद आंबा मी मॉलमध्ये पाहिलेला, मऊ कापसात ठेवलेला. म्हटलं, हबीबी, आंब्याच्या गोष्टी तुम्ही आम्हाला सांगणार? पैशाचं मला काही नव्हतं. महिनाभरात आजोबा घेऊन घेऊन किती पेट्या घेणार? मला ते कार्ड हवं होतं. बाबांचं नाव आणि आमच्या वाडीचं नाव त्या म्हाताऱ्याच्या अक्षरात, जुमेराच्या टेबलाटेबलावर. बाबांनी उभ्या आयुष्यात मुंबईच्या मार्केटपलीकडे काही पाहिलं नव्हतं. रात्रभर मी तेच घोकत होते.

लेकीनं काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीमार्फत वेळ ठरवली. मंगळवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. मी नुकत्याच आलेल्या खेपेतली एक पेटी उचलली, दोन डझनांची. झाकणाच्या फटीतून असा घमघमाट येत होता, की आम्ही पोचेपर्यंत सगळी गाडी भरली.

आजोबांनी पेटी उघडली. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि त्यावर एकेक आंबा काढून ठेवला. दाबून कुठलाच पाहिला नाही. तळहातावर घ्यायचा, देठाशी नाक न्यायचं, आणि मग डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. मला वाटलं, पिकलेले आणि कच्चे वेगळे करताहेत. मी लेकीला कोपरानं ढोसलं, "बघ, जाणकार आहे हो म्हातारा."

डावीकडे पंधरा झाले, उजवीकडे नऊ. आजोबांनी डावीकडच्यांवर हात ठेवला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "हे फार सुंदर." मग उजवीकडे बोट दाखवून विचारलं, "हे दुसऱ्या बागेतले?"

"एकच बाग," मी म्हटलं. "माझ्या वडिलांची."

त्यांनी मान हलवली. "दोन बागा. ही माती वेगळी. खूप लांब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मी आंब्याच्या आढीवर झोपलेली मुलगी. आणि हा कोण कुठला माणूस मला माती शिकवतोय? मी बोलत सुटले. इंग्रजी, हिंदी, मराठी, जे तोंडाला येईल ते. सुगंध बघा म्हटलं, अकरा वर्षं विकतेय म्हटलं, सत्तर घरं डोळे मिटून घेतात म्हटलं. लेक माझा दंड धरून "आई, स्टॉप" करत होती. आजोबा शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी दोन्हीकडचा एकेक आंबा कापला, दोन बशांत दोन फोडी ठेवल्या आणि बशा माझ्यापुढे सरकवल्या.

मी हात मागे घेतला. "मी खात नाही."

"अ‍ॅलर्जी?"

आता ह्यांना कसं सांगू? अक्षय्य तृतीयेला देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय आमच्या घरात आंबा तोंडात घालत नाहीत. बाबा बागेचे मालक, पण झाडाखाली पडलेला फळाचा तुकडाही त्या दिवसापर्यंत चाखायचे नाहीत. बाबा गेल्यावर मी तो नेम आणखी कडक केला. इथे परमुलखात दुसरं काय पाळणार माणूस? आणि अक्षय्य तृतीयेला अजून दोन आठवडे होते. लेकीनं तिच्या इंग्रजीत त्यांना हे सगळं समजावलं.

आजोबांनी सुरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका गोंधळला, की क्षणभर मलाच वाईट वाटलं. त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "म्हणजे मार्चमध्ये विकता. एप्रिलमध्ये विकता. खाऊन पाहिलेला नसतो?"

"नाही."

"एकही?"

मीठ बघितल्याशिवाय आमटी पानात वाढत नाही मी. नवऱ्याला आधी विचारते, लेकीला चाखायला लावते. आणि लोकांच्या घरी पेट्यांवर पेट्या पाठवत होते त्या नुसत्या वासावर. अकरा वर्षांत हे माझ्या एकदाही डोक्यात येऊ नये? मला घाम फुटला. एसीत बसून घाम!

"आई, यू डोन्ट हॅव टू," लेक म्हणाली.

मी डावीकडच्या बशीतली फोड उचलली आणि तोंडात टाकली. बाबांची मनातल्या मनात माफी मागितली, पण ती नंतर. हात आधी गेला होता. फोड जिभेवर टेकली आणि मी घरी होते. दुसरं काही सांगता येणार नाही. मग पाणी प्यायले आणि उजवीकडची फोड घेतली.

गोड होती. नुसतीच गोड. उकडलेल्या रताळ्यासारखी. सालीजवळ जो हलका आंबूसपणा लागतो, घशात उतरल्यावर जो वास पुन्हा नाकात येतो, त्यातलं काही म्हणजे काही नाही. मग मी नीट पाहिलं, आणि दिसायला लागलं तसं सगळंच दिसायला लागलं. साल जाड. आतला रंग पिवळा, केशरी नाही. वरच्या थरातल्या अस्सल फळांचा घमघमाट ह्यांना लागला होता एवढंच. हे कर्नाटकातून येणारे आंबे. वाशीच्या मार्केटात ते निम्म्या भावात मिळतात आणि लबाड लोक ते देवगडच्या पेटीत भरतात, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. बाबा अशा लोकांना दारात उभं करत नसत.

"वाईट नाही हा," आजोबा म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून असेल. "चांगला आंबा. फक्त दुसरा." उरलेले आठही आंबे त्यांनी एकेक करून जाळीत गुंडाळले आणि पेटीत परत ठेवले, मघाशी काढले होते तितक्याच हळुवार हातानं. मग एक कोरं कार्ड पुढ्यात घेतलं, पेन्सिल उचलली आणि डावीकडच्या चौदा आंब्यांकडे बघत विचारलं, "ह्या बागेचं नाव?"

रात्रभर घोकलेलं नाव होतं ते. ओठांवर आलं होतं.

"लिहू नका," मी म्हटलं. "आत्ता नको."

ते चौदा आंबे त्यांच्यासाठी तिथेच ठेवले. त्यांनी पैसे पुढे केले. मी घेतले नाहीत. गाडीत बसले आणि पहिला फोन भावाला लावला. तो बागेतच होता. मागे गड्यांचा आवाज, खोक्यांचा आवाज.

"बोल ताई! आवडले का जपान्याला?"

"पेटीत कर्नाटकचे कुणी घातले?"

तो हसला. आधी म्हणाला, पॅकिंगवाल्यांची चूक. मग म्हणाला, यंदा मोहोर गळला, माल कमी. मी विचारलं, "आणि गेल्या वर्षी?" तेव्हा मागचे आवाज लांब गेले, तो बाजूला झाला असावा. मग म्हणाला, "ताई, सगळेच करतात गं. खालच्या थरात चार-पाच. तिकडच्या लोकांना कुठे कळतंय?"

"मी विकते ते. माझ्या शब्दावर विकते मी."

"पण तू कुठे चाखतेस तोपर्यंत?"

त्यानं हे इतकं सहज म्हटलं, की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ही चूक नव्हती, टंचाईही नव्हती. त्यानं माझा नेम हिशेबात धरला होता. बहीण अक्षय्य तृतीयेपर्यंत फोडीला शिवणार नाही, तोपर्यंत चालवून घेऊ. आणि त्यानंतरच्या खेपा चोख. म्हणून तर मला कधी शंका आली नाही. आणि फिक्या आंब्यांची तक्रार घेऊन आलेल्या माणसांना मी फ्रीजवरून झापत होते. शी! मला माझीच किळस आली.

"ऐक," मी म्हटलं. "आज मी ग्रुपवर सगळं लिहिणार आहे. ज्यांनी ज्यांनी मार्च-एप्रिलमध्ये घेतले, त्या सगळ्यांना."

"वेड लागलंय का तुला? दुकान बसेल! बाबांचं नाव जाईल!"

"गेलंच आहे ते. खलास झालंय. मला आज कळलं एवढंच."

तो आता घाबरला होता. लहानपणी मार बसायच्या आधी व्हायचा तसाच त्याचा आवाज झाला. "ताई, असं काय करतेस? अक्षय्य तृतीयेची तुझ्या घरची पेटी मी स्वतः निवडतो की नाही? झाडावर चढून काढतो तुझ्यासाठी. त्यात कधी एक तरी असला निघाला का? सांग ना. तुला कधी फसवलं का मी?"

खरंच होतं ते. माझ्या पेटीत कधी एकही निघाला नव्हता. अकरा वर्षं माझ्यासाठी त्यानं एकेक फळ पारखून निवडलं होतं, आणि तेच आंबे मी देवापुढे ठेवत आले होते, बाबांच्या फोटोपुढे ठेवत आले होते. मला काहीतरी जोरात बोलायचं होतं. तिकडून तो "ताई, ताई, बोल ना" करत राहिला.

लेकीनं माझ्या हातातून फोन घेतला. ती मामाशी कायम इंग्रजीत बोलते. त्याला निम्मं कळत नाही, तो नुसता हसतो.

"मामा," ती मराठीत म्हणाली, "आई रडतेय. तू फोन ठेव."